तारेचं क्रोशे: लोकरीची सवय नडते तिथे या चुका टाळा

ज्यांना क्रोशे उत्तम येतं, त्यांचाच तारेचा पहिला हार बिघडतो, हे मी शिकवताना अनेकदा पाहिलं आहे. त्यांचा हात लोकरीच्या सवयीने चालतो. लोकर ओढली की जरा ताणली जाते, सोडली की मागे येते. तांब्याची किंवा चांदीची तार ओढलीत की फास तिथेच आवळतो आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही. मग आपण जोर लावतो, आणि तार तुटते.

तारेचा फास ओढून बसवायचा नसतो. तो सुईच्या दांड्याएवढा मोकळा ठेवायचा आणि पूर्ण पट्टी विणून झाल्यावर बोटांनी हलके खेचून आकार द्यायचा. साधारण ०.३ मिमीच्या तारेला मी अडीच-तीन मिमीची सुई घेते. सुरुवात साखळी आणि मुक्या खांबानेच (सिंगल क्रोशे) करा. लांब खांब तारेत ढिले पडतात आणि ओढणीत अडकतात.

तार विकत घेतानाच गेजचा, म्हणजे जाडीच्या क्रमांकाचा, एक घोटाळा होतो. हा क्रमांक जितका मोठा, तितकी तार बारीक. अमेरिकन व्हिडिओत २८ गेजची तार सांगतात, ती ०.३२ मिमीची असते. आपल्याकडे दुकानदार बहुतेक वेळा ब्रिटिश मापाने तार देतो आणि त्या मापात २८ गेज म्हणजे जवळजवळ ०.३८ मिमी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण विणताना बोटं सोलून निघतात. अमेरिकन २८ हवी असेल तर इथे ३० मागा. त्याहून बरं म्हणजे गेज विसरा आणि जाडी मिलिमीटरमध्येच विचारा. सरावासाठी मोटर वाइंडिंगची तांब्याची तार स्वस्त पडते. तिच्यावर लाखेसारखा लेप असतो, त्यामुळे ती जाळायची नाही. लेप जळून अपायकारक धूर होतो.

विणताना तारेला मध्येच छोटा वेढा पडला तर थांबा. तो ओढून सरळ होत नाही. ओढलात की तिथे कायमचा मोड राहतो आणि पुढे तार तिथेच तुटते. ज्या दिशेने वेढा पडला त्याच्या उलट दिशेने, दोन्ही हातांनी, आधी तो उघडा.

उसवणं हा लोकरीतला हक्क तारेत फारसा मिळत नाही. धातू वाकवला की तो कडक होत जातो. एकदा उसवलेली तार कशीबशी चालते, दुसऱ्यांदा उसवलेली टाकून द्यावी. सोनार कडक तारेला ताव देऊन, म्हणजे तापवून, मऊ करतो हे खरं, पण केसासारख्या तारेवर थेट ज्योत धरली तर ती वितळते. चांदी ९६१ अंशाला वितळते आणि बारीक तार तिथवर क्षणात पोहोचते. म्हणून उसवायची वेळच येऊ नये यासाठी पाच ओळी झाल्या की टाके मोजायचे. चांदी घेणार असाल तर शुद्ध घ्या. ९२.५ टक्क्यांची चांदी अधिक कडक असते आणि ताव दिल्यावर काळवंडते.

काडीभोवती फास गुंफून केलेली गोल साखळी अनेकांना आवडते. हिला व्हायकिंग विण म्हणतात. ब्रिटिशांनी मात्र अशा साखळ्यांना तिरुचिरापल्लीच्या साखळ्यांवरून ट्रिचिनोपोली हे नाव दिलं होतं. आपला गळ्यातला गोफही अशाच गुंफणीच्या घराण्यातला, म्हणून मला ही विण परकी वाटत नाही. विणून झालेली नळी लाकडी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून बारीक करतात, आणि इथे घाई नडते. मोठ्या भोकातून एकदम लहान भोकात ओढली की फास वेडेवाकडे दबतात. एकही भोक गाळू नका. शिवाय ओढल्यावर लांबी बरीच वाढते. आधी बोटभर तुकडा विणून, ओढून, किती वाढतो ते मोजा आणि मगच हाराचं माप ठरवा. नवी तार जोडताना जुनीचं टोक आतल्या बाजूला घ्या, आणि सगळे जोड एकाच रांगेत येऊ देऊ नका.

टोकांना टोपी बसवताना झाळ (सोल्डर) लावायचा मोह टाळा. वितळलेली झाळ फटींतून विणीत पसरते आणि मऊ पट्टी काठीसारखी ताठ होते. तारेने आवळून टोपीत चिकटवणं पुरतं. कापलेली टोकं गालावरून फिरवून पाहा. बोटाला न कळणारा काटा गालाला कळतो.

चकाकी आणायला विणलेला दागिना फिरत्या पॉलिशच्या चाकावर कधीही धरू नका. तार चाकात गुंतते आणि बोटं ओढली जातात. सोनारांचा जुना उपाय पुरेसा आहे: रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश, तोही हलक्या हाताने. मग कपड्यात गुंडाळून पाणी टिपा आणि हवेशीर जागी पूर्ण सुकू द्या. विणीच्या आत राहिलेला ओलावा तांब्यावर हिरवा डाग धरतो.