वेली गुलाबाची ऑक्टोबर छाटणी: कात्री कमी, बांधणी जास्त

परतीचा पाऊस उघडला, जमिनीला वाफसा आला आणि दुपारचे ऊन चटकायला लागले की गुलाबाच्या छाटणीचे दिवस आले. झुडपी गुलाबाची छाटणी बहुतेकांना जमते. घोटाळा होतो तो कमानीवर, कुंपणावर किंवा भिंतीवर चढवलेल्या वेली गुलाबाचा. बागेतल्या सगळ्या गुलाबांबरोबर तोही गुडघ्याएवढा उतरवला जातो आणि मग वर्षभर तक्रार ऐकू येते की वेल दहा फूट वाढला, पण फूल नाही. यात रोपाचा दोष नसतो. फुलणारे लाकूडच आपण छाटून टाकलेले असते.

वेली गुलाबाच्या लांब मुख्य फांद्या म्हणजे सांगाडा. फुले प्रामुख्याने त्या फांद्यांवर फुटणाऱ्या आखूड उपफांद्यांवर येतात. फांदी सरळ वर गेली की सगळा जोर शेंड्याकडे जातो, खालचे डोळे (नवी फूट निघण्याच्या जागा) झोपून राहतात आणि चार फुले येतात ती शेंड्याला, गच्चीच्याही वर. तीच फांदी वाकवून आडवी बांधली की शेंड्याचा वरचष्मा मोडतो आणि फांदीवरचा डोळा न् डोळा जागा होतो. बांधल्यानंतर आठ-दहा दिवसांनी पानाच्या बेचक्यात पाहा: तांदळाच्या दाण्याएवढा लालसर डोळा फुगलेला दिसेल. तोच पुढे सहा-सात आठवड्यांत फुलांचा तुरा होतो.

लागवडीला दोन वर्षे झाली नसतील तर मुख्य फांद्यांना कात्री लावूच नका. वाळलेले, मोडलेले आणि सुतळीएवढे बारीक लाकूड तेवढे काढा. ज्या जातींच्या नावाआधी 'क्लायंबिंग' असते, उदाहरणार्थ क्लायंबिंग आइसबर्ग, त्या झुडपी जातीतूनच वेल म्हणून निघालेल्या असतात. लहानपणी त्यांना खोल छाटले तर त्या पुन्हा झुडपी वळणावर जाण्याची भीती असते.

तीन वर्षांपुढच्या वेलाचे काम तळापासून सुरू करा. साधारण अडीच मीटर रुंदीच्या भिंतीला पाच-सहा मुख्य फांद्या पुरतात. त्यातली सर्वांत जुनी, करड्या खरखरीत सालीची एखादी फांदी दरवर्षी बुडातून काढा, म्हणजे तिच्या जागी नवा धुमारा घेता येतो. उरलेल्या मुख्य फांद्या तशाच ठेवा, फक्त शेंड्याचा वाळका भाग काढा. त्यांच्यावरच्या, गेल्या हंगामात फुलून गेलेल्या उपफांद्या मात्र दोन-तीन डोळ्यांवर, म्हणजे १० ते १५ सेंटिमीटरवर छाटा. काप बाहेर वळलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर आणि डोळ्याच्या उलट बाजूला उतरता घ्या, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही.

काप घेतल्यावर फांदीचा गाभा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो पांढरा किंवा हिरवट पांढरा असला तर ठीक. तपकिरी दिसला तर आणखी बोटभर खाली कापा, पुन्हा पाहा आणि पांढरा गाभा लागेपर्यंत उतरत जा. तपकिरी गाभा ही फांदीमर रोगाची खूण. बुरशी कापातून शिरते, फांदी वरून काळी पडत खाली येते आणि वेळीच थांबवली नाही तर बुडापर्यंत पोहोचते. भर पावसात छाटणी करायची नाही, ती याचसाठी. घाटमाथ्यावर आणि कोकणात हवेतला ओलावा कमी होईपर्यंत, अगदी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबलेले बरे. पुणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भात पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा योग्य.

छाटलेल्या तोंडांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. घरच्या बागेला एक लिटर पुरते: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर विरघळवा, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोडे थोडे पाणी घालून विझवा आणि एकूण पाणी अर्धा लिटर करा. चुना निवल्यावर दोन्ही द्रावणे एकत्र ओतून ढवळा. लोखंडी भांडे चालत नाही. घासून लखलखीत केलेले चाकूचे पाते मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. पेस्ट ताजीच वापरा. एका वेलावरून दुसऱ्यावर जाताना कात्रीची पाती स्पिरिटने पुसायला विसरू नका, रोगट फांदी कापल्यावर तर नक्कीच.

आता बांधणी. भिंतीवर हूक ठोकून १२ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणा. पहिली तार जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, पुढच्या ३५ ते ४० सेंटिमीटर अंतराने, आणि तार भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर पुढे हवी. मागून वारा खेळला नाही की भुरी (पांढरी बुरशी) आणि खवले कीड तिथेच ठाण मांडते. फांदी दुपारनंतर वाकवा, तेव्हा ती थोडी लवचीक असते. बुडाशी एकदम कोन न करता कमानीसारखी वळवा. जाड फांदी एका दिवसात आडवी करायचा हट्ट धरू नका, तडकते. दर दोन-तीन दिवसांनी वीतभर खाली ओढत आठ-दहा दिवसांत जागेवर आणा. अगदी आडवी झाली नाही, थोडी तिरपी राहिली तरी फुलते. शेंडा मात्र बाकीच्या फांदीपेक्षा खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सगळा फुटवा वळणाच्या उंचवट्यावरच येतो. खांबावर वेल असेल तर फांद्या सरळ न चढवता खांबाभोवती गोल गुंडाळत न्या.

बांधायला सुतळी किंवा कापडी पट्टी घ्या. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या, आत करंगळी सहज गेली पाहिजे. तारेने बांधलेली फांदी जाड झाली की सालीत रुतते. आणखी एक चूक सर्रास दिसते: फांद्या जाळीतून आत-बाहेर विणणे. दिसायला छान, पण पुढच्या छाटणीला त्या तुकडे केल्याशिवाय निघत नाहीत. सगळ्या फांद्या तारेच्या पुढच्याच बाजूने घ्या.

छाटणी-बांधणी झाली की आळे हलक्या हाताने खुरपून पूर्ण वाढलेल्या वेलाला १० किलो चांगले कुजलेले शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम हाडांचा चुरा द्या. नवी पाने हाताएवढी फुटल्यावर १५:१५:१५ मिश्रखत ५० ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर दूर, ओल्या मातीत. नुसत्या युरियाचा मोह टाळा. त्याने कोवळी लुसलुशीत वाढ होते आणि मावा-भुरीला आमंत्रण मिळते. मुळे उघडी करून उन्हात तापवायची जुनी रीत हलक्या जमिनीत तर मुळीच नको. पाणी थंडीत चार-पाच दिवसांनी, एका वेळी १५ ते २० लिटर, सकाळी आणि फक्त मुळाशी.

चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ती लोहाची कमतरता. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) मिसळून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा.

नोव्हेंबरपासून कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर पांढरी पूड दिसली की ती भुरी. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा. मावा, फुलकिड्यांसाठी निंबोळी तेल लिटरला ५ मिलि, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून. ही दोन्ही एकापाठोपाठ मारू नका. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पाने भाजतात. कडक उन्हातही गंधक नको. जुन्या फांद्यांवर लालसर-करडे चिकटलेले ठिपके असतील तर ती खवले कीड. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने किंवा जुन्या टूथब्रशने घासून काढा. गुलकंदासाठी पाकळ्या वापरणार असाल तर त्या वेलावर कसलीच रासायनिक फवारणी करू नका.

बुडाकडे वरचेवर नजर असू द्या. डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या जोडाच्या, खालून आलेला फुटवा खुंटाचा (ज्यावर कलम केले त्या मूळ रोपाचा) असतो. त्याचा रंग फिकट, वाढ झपाट्याची आणि बहुधा पानाला सात किंवा जास्त पर्णिका (एका देठावरची छोटी पाने). कात्रीने कापला तर तिथून चार येतात. माती उकरून तो निघतो त्या जागीच खाली ओढून उपटा. पण सातचा नियम डोळे झाकून लावू नका, काही वेली जातींनाही सात पर्णिका असतात. फुटवा कलमाच्या जोडाखालून निघाला आहे का, हेच पाहून ठरवा.

वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणाऱ्या जाती या ऑक्टोबर छाटणीला अपवाद. त्यांना ऑक्टोबरमध्ये फक्त बांधा, छाटणी फुले संपल्यावर करा. पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या जातींत प्रॉस्पेरिटी, क्लायंबिंग आइसबर्ग, कॉकटेल आणि दिल्ली व्हाइट पर्ल निवडता येतील. उतरलेले तुरे पहिल्या ठसठशीत पाच पर्णिकांच्या पानापर्यंत काढत राहा. पाकळ्या गळून बोंडे धरली की पुढचा बहर लांबतो.

पुढच्या पावसाळ्यात बुडाकडून येणारे जाड, तांबूस धुमारे वाऱ्याने मोडतात. त्यांना तेव्हा आडवे करू नका, बांबूला सैल बांधून सरळ वाढू द्या. पुढच्या ऑक्टोबरात वाकवायला तेच हवेत.