मेंदूचा हुकूम, पायाची खबर: शरीराची हालचाल कशी होते ते घरीच करून कसं पाहावं

शाळेच्या पुस्तकात मज्जासंस्थेचं चित्र असतं. वर मेंदू, खाली मज्जारज्जू आणि त्यातून हातापायांकडे गेलेल्या रेघा. नावं पाठ केली की मार्क मिळतात, पण डोक्यात एक गैरसमजही पक्का बसतो: मेंदू हुकूम सोडतो आणि स्नायू तो पाळतात, संपलं. प्रत्यक्षात हुकूम हा निम्माच कारभार. स्नायू, सांधे, तळपाय आणि कानाचा आतला भाग यांच्याकडून खबर सतत वर जात असते. ती थांबली तर स्नायू धडधाकट असूनही माणसाला धड उभं राहता येत नाही.

हे नुसतं वाचून पटायचं नाही, म्हणून करून पाहू. रविवारचा नाश्ता आटोपला की तासाभरात सगळं होतं. ३० सेंटिमीटरची पट्टी, जेवणाचं भक्कम टेबल, एक जाडजूड पुस्तक, एक उशी, दाराची चौकट आणि मदतीला घरातलं कोणीतरी, एवढं पुरे. आठवी-नववीतली मुलं असतील तर उत्तम, ती आपल्यापेक्षा निर्दयपणे निकाल सांगतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी पहिला प्रयोग करू नये आणि चक्कर येणाऱ्यांनी तोल सांभाळण्याचा.

पहिलं काम: गुडघ्यावर टकोरा

टेबलाच्या कडेवर असे बसा, की मांड्या पूर्ण टेकतील आणि पाय अधांतरी लोंबकळतील. आता गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवून हळूहळू खाली सरकवा. वाटीचं हाड संपतं आणि नडगीचं हाड सुरू होण्याआधी घट्ट, पण दाबल्यावर किंचित आत जाणारा पट्टा लागतो. तो कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा भाग. मदतनिसाने तळहाताच्या कडेने, मनगट सैल ठेवून, बरोबर त्याच्यावर एक झटपट टकोरा मारायचा आणि हात लगेच उचलायचा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. टकोरा वाटीवर बसतो, किंवा मारून हात तिथेच दाबून ठेवला जातो, आणि मग पाय हलत नाही.

जागा बरोबर सापडली की पाय आपोआप पुढे उडतो. टकोऱ्याने मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. त्या स्नायूत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. त्यांची खबर कमरेच्या भागातून मज्जारज्जूत शिरते आणि मध्ये एकच जोडणी ओलांडून थेट चालक चेतापेशीला मिळते. ती पेशी तिथूनच स्नायूला आखडायला सांगते. टकोऱ्यापासून स्नायूत विजेची हालचाल उठेपर्यंत जेमतेम २० मिलिसेकंद लागतात. त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला सैल पडण्याचा निरोप जातो, नाहीतर दोघे एकमेकांना अडवत बसले असते. मेंदूला हे कळतं, पण पाय उडवायचं ठरून गेल्यानंतर.

पाय उडालाच नाही तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा, हात जोरात दोन्ही बाजूंना ओढा आणि ओढत असतानाच टकोरा मारून घ्या. हंगेरीचे डॉक्टर येन्द्रासिक यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेली ही युक्ती डॉक्टर आजही वापरतात. हात ओढण्याच्या जोरामुळे मज्जारज्जूतल्या पेशी जास्त सज्ज होतात आणि मंद प्रतिसादही दिसू लागतो. तरीही पाय फारसा हलला नाही तर घाबरू नका. काही निरोगी माणसांत ही प्रतिक्षिप्त क्रिया मुळातच मंद असते. डॉक्टर पाहतात ते दोन्ही पायांतला फरक आणि आधी होती ती क्रिया आता गायब झाली आहे का, हे.

या साध्या टकोऱ्याची किंमत पुण्याला जानेवारी २०२५ मध्ये कळली. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक निघू लागले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचं नाव तेव्हा घरोघरी पोचलं. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर, म्हणजे मज्जारज्जूबाहेरच्या चेतातंतूंवर आणि त्यांच्या आवरणावर उलटते. स्नायू शाबूत, मेंदू शाबूत, पण मधली वाट बिघडलेली. त्यामुळे पायांतून सुरू झालेली कमजोरी वर चढत जाते आणि गुडघ्याचा टकोरा निरुत्तर राहतो. जुलाबानंतर आठवडाभराने पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेनासे झाले, तर घरी टकोरे मारत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दुसरं काम: पट्टी पकडणं

मदतनीस पट्टी उभी धरेल. शून्याचा आकडा तुमच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये, बोटं न टेकवता. न सांगता तो पट्टी सोडेल, तुम्ही पकडायची. १० सेंटिमीटरवर पकडलीत तर साधारण ०.१४ सेकंद लागले, २० वर ०.२० आणि ३० वर ०.२५. तीन-चार वेळा करून सरासरी घ्या, पहिली खेप नेहमीच गचाळ असते.

आता गुडघ्याशी तुलना करा. तिथे २० मिलिसेकंद, इथे त्याच्या दहापट. वाट लांब आहे म्हणून हा उशीर होत नाही. चालक चेतातंतूंमधून निरोप सेकंदाला ५० ते ६० मीटर वेगाने धावतो, म्हणजे डोक्यापासून बोटांपर्यंतचं मीटरभर अंतर २० मिलिसेकंदांच्या आतबाहेर कापलं जातं. उरलेला सगळा वेळ डोळ्याने टिपलेलं ओळखण्यात आणि हुकूम तयार करण्यात जातो. मग डोळे मिटा आणि मदतनिसाला पट्टी सोडतानाच दुसऱ्या हाताने तुमच्या खांद्याला स्पर्श करायला सांगा. बहुतेकांचा आकडा सुधारतो, कारण स्पर्शाची खबर डोळ्यांच्या खबरीपेक्षा लवकर हाताळली जाते.

कर्वे रोडवर ताशी ४० किलोमीटरने स्कूटर हाकताना एका सेकंदात ११ मीटर पार होतात. पट्टी सुटणार हे माहीत असताना ०.२ सेकंद लागले. रस्त्यात अचानक कोणी आडवं आलं तर सहज सेकंदभर जातो, म्हणजे ब्रेकला हात लागायच्या आतच ११ मीटर संपलेले. 'माझे रिफ्लेक्स एकदम फास्ट आहेत' म्हणणाऱ्या पुणेकराला हे गणित ऐकवून पाहावं. उपयोग होईलच असं नाही.

तिसरं काम: पुस्तक

हात कोपरात काटकोनात वाकवा, तळहात वर, त्यावर जाड पुस्तक. मदतनिसाने ते अचानक उचललं की तुमचा हात वर उसळतो. पुन्हा पुस्तक ठेवा आणि या खेपेला दुसऱ्या हाताने स्वतःच उचला. हात जवळजवळ जागचा हलत नाही! वजन तेच, स्नायू तेच. फरक एवढाच, की स्वतः उचलताना मेंदूने उचलणाऱ्या हाताला हुकूम देतानाच पेलणाऱ्या हाताला 'आता सैल पड' असं आधीच कळवलेलं असतं. खबर येईपर्यंत थांबलं तर उशीर होतो, म्हणून मेंदू अंदाज बांधतो आणि मागून आलेल्या खबरीशी तो ताडून पाहतो. या हिशेबात मोठा वाटा लहान मेंदूचा. आकाराने लहान, पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी तिथे असतात.

गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो, तिथे हेच ताडून पाहणं उघड दिसतं. नवा वादक टिपरूच्या प्रत्येक ठोक्याला सगळं अंग ताणतो, खांदे वर, जबडा आवळलेला, आणि थोड्याच वेळात दमतो. जुना वादक तेवढाच आवाज काढतो, पण नको ते स्नायू सैल सोडून. काही आठवड्यांत नव्याचीही ताकद वाढल्यासारखी वाटते. त्यातली सुरुवातीची बरीचशी वाढ स्नायू फुगल्याने झालेली नसते. मज्जासंस्था योग्य तंतूंना योग्य वेळी बोलवायला शिकलेली असते. जिमच्या पहिल्या महिन्यातही हेच होतं, म्हणून वजन जास्त उचललं जातं आणि आरशात मात्र काही दिसत नाही.

चौथं काम: डोळे मिटून उभं राहणं

भिंतीजवळ, मदतनीस शेजारी, अनवाणी. पाय जुळवून उभे राहा आणि अर्धा मिनिट डोळे मिटा. आता लक्ष घोट्यांकडे द्या. पायाची बोटं फरशी पकडतात आणि सोडतात, घोट्यापुढचे कंडरे एकदा हा, एकदा तो असे उठून दिसतात. मदतनिसाला हे खाली वाकून पाहू द्या. 'स्थिर' उभं राहणं किती कामाचं आहे ते तेव्हा समजतं. मग एका पायावर, आधी डोळे उघडे, मग मिटलेले. शेवटी पायाखाली उशी ठेवून दोन्ही पायांवर, डोळे मिटून.

तोल तीन खबरींवर चालतो: डोळे, आतला कान, आणि तळपाय-स्नायू-सांध्यांतून येणारी स्वतःच्या अंगाची जाणीव. डोळे मिटले की एक गेली, उशीने तिसरी धूसर केली. उरला कान, आणि त्याच्या एकट्याच्या भरवशावर बहुतेकांचा झोक जातो.

ही तिसरी खबर पूर्ण बंद पडली तर काय होतं, याची वैद्यकशास्त्रात नोंद आहे. १९७१ साली एका ब्रिटिश तरुणाची मानेखालची स्पर्शाची आणि अंगाच्या स्थितीची जाणीव एका संसर्गानंतर कायमची गेली. स्नायूंना हुकूम जात होते, पण हात कुठे आहे, पाय कुठे टेकला, याचा निरोप येत नव्हता. चालायला तो पुन्हा शिकला ते प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत. अंधार झाला की खाली कोसळायचा. पर्वतीच्या पायऱ्या गप्पा मारत, पायाकडे न बघता उतरतो, तेव्हा आपण जी खबर फुकट वापरतो ती हीच.

पाचवं काम: दाराची चौकट

हे गमतीचं. चौकटीत उभे राहा, हात बाजूला सरळ आणि दोन्ही हातांच्या मागच्या बाजूने चौकटीला जोरात बाहेर ढकला. मिनिटभर ढकलून पुढे या आणि हात अगदी सैल सोडा. ते आपोआप वर तरंगू लागतात. १९१५ मध्ये जर्मन डॉक्टर कोनश्टाम यांनी हे नोंदवलं. ढकलणं थांबलं तरी खांद्याच्या स्नायूंना जाणारे आदेश काही क्षण चालूच राहतात, पण त्यामागे तुमची इच्छा नसल्याने हात कोणीतरी उचलतंय असं वाटतं. मुलं हाच प्रयोग पुन्हा पुन्हा करतात.

कधी थांबायचं आणि कोणाला दाखवायचं

या प्रयोगांतून निदान करायचं नाही. डोळे मिटल्यावर दर वेळी पडायला होतं, एका बाजूचाच टकोरा उमटतो, हात नाकाकडे नेताना थरथरतो, असं काही आढळलं तर फिजिशियनला किंवा न्यूरॉलॉजिस्टला सांगा, ते पाच मिनिटांत नीट तपासतील.

मात्र चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, एक हात वर धरल्यावर खाली घसरू लागला किंवा बोलणं अडखळलं, तर ते पक्षाघाताचं लक्षण. मोठ्या मेंदूकडून निघालेले बहुतेक चालक तंतू खाली जाताना बाजू बदलतात, त्यामुळे उजवा हात लुळा पडला तर बिघाड बहुधा डाव्या मेंदूत असतो. लगेच १०८ ला फोन करा आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तिथले डॉक्टर पहिला प्रश्न त्याच वेळेबद्दल विचारतात.