प्राध्यापक-अधिकाऱ्याची युद्धसेवा कागदांवरून कशी जुळवायची

खासरा पत्रकं आणि मोडी कागद चाळून कुणबी नोंद शोधायची सवय मराठवाड्यात आता घरोघरी आहे. तीच चिकाटी इथं लागते, फक्त कागद कॅनडाचे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी पहिल्या महायुद्धातला प्राध्यापक-अधिकारी घ्यायचा असेल, तर जॉन मॅक्रे यांच्यावर हात बसवा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापक, शेवटी लेफ्टनंट कर्नल.

आधी लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या तिथल्या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावरून सेवेची फाइल उतरवून घ्या. पैसे लागत नाहीत. तेव्हा शिपायाला सेवा क्रमांक असे, अधिकाऱ्याला नसे. म्हणून तो रकाना मोकळा सोडून आडनावानं शोधा. 'मॅक'चं स्पेलिंग Mc आणि Mac अशा दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा. अटेस्टेशन पेपर, म्हणजे शिपायाचा भरतीचा अर्ज, नाही म्हणून फाइल अपुरी समजू नका, अधिकारी त्याऐवजी डिक्लरेशन पेपर भरत.

मग वहीत चार रकाने आखा: तारीख, हुद्दा, युनिट, ठिकाण. फाइलमध्ये 'टीओएस' (TOS) म्हणजे युनिटच्या पटावर घेतलं, 'एसओएस' (SOS) म्हणजे पटावरून कमी केलं. बदली झाली तरी 'एसओएस'च लिहीत, तेवढ्यावरून माणूस मेला असं धरू नका. फाइलमधल्या कॅज्युअल्टी फॉर्मचं नावही फसवं आहे, तो नुसता मेल्या-जखमींचा कागद नव्हे. त्यात बढती, रजा, बदली सगळं येतं. त्यावर खबर आल्याची तारीख वेगळी, घटनेची वेगळी. वहीत घटनेची घ्या.

फाइलवरून माणूस कुठं होता ते कळतं. तिथं काय चाललं होतं, ते युनिटच्या वॉर डायरीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत. मॅक्रे डॉक्टर म्हणून नुसत्या वैद्यकीय तुकड्यांच्या डायऱ्या उघडल्या, तर 1915 ची बेल्जियममधली ईप्रची लढाई हातून गेलीच. तेव्हा ते पहिल्या तोफखाना ब्रिगेडचे सर्जन होते. जून 1915 पासून मॅकगिलच्याच मंडळींनी उभारलेल्या क्रमांक 3 च्या कॅनेडियन जनरल हॉस्पिटलची डायरी लावा. हे हॉस्पिटल आधी फ्रान्समधल्या दान-कामिए इथं तंबूंत होतं, पावसाथंडीनं टिकेना म्हणून बुलोनला हललं. डायरीत एकेकट्याचं नाव क्वचितच येतं. तेव्हा 'युनिटनं केलं' असंच लिहा, 'त्यांनी केलं' नको.

शेवटी मृत्यूची तारीख, 28 जानेवारी 1918, युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीशी ताडून घ्या. दफन फ्रान्समधल्या विमरो इथं आहे. तिथल्या फोटोत थडग्यांचे दगड आडवे दिसतील. ती पडझड नव्हे; जमीन वाळूची म्हणून तसेच बसवलेत.