अल्टिमा फोर खेळताना अडकलात? या चुका टाळा

रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा फोर' हा कॉम्प्युटर गेम १९८५ साली आला. गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर आजही फुकट मिळतो म्हणून नवे लोक उतरवून घेतात, दिसेल त्याला कापत सुटतात आणि मग विचारतात, गोष्ट पुढे का सरकत नाही? मुळात शेवटी मारायला इथे कुणी महाराक्षस ठेवलेलाच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून अवतार, म्हणजे या गुणांचा आदर्श, व्हायचं. त्यांचा हिशोब गेम गुपचूप ठेवतो, पडद्यावर आकडा दाखवत नाही.

सगळ्यात महागात पडते ती आंधळ्या दुकानदारीणबाईकडची चलाखी. जादूचं साहित्य घेतलं की किती मोहरा द्यायच्या ते तुम्हीच टाइप करायचं. एक मोहर दिली तरी ती माल देते, कुरकुर नाही की भांडण नाही. पण प्रामाणिकपणा, न्याय आणि सन्मान तिन्ही धाडकन खाली येतात. पुढे कितीतरी वेळाने त्या गुणांच्या देवळाच्या दारात घोडं अडतं, आणि त्या खरेदीची आठवणही राहिलेली नसते. पूर्ण पैसे मोजा. गावातल्या पेट्याही उघडू नका, ती सरळ चोरी धरली जाते. डंजनमधल्या, म्हणजे राक्षसांच्या भुयारातल्या, खुशाल उघडा.

उंदीर, वटवाघळं असले प्राणी दुष्ट नसतात. त्यांच्यासमोरून काढता पाय घेतलात तर शौर्य जात नाही, उलट करुणा आणि न्याय वाढतात. दुष्टांपुढून धडधाकट असताना पळालात, तर मात्र शौर्य गेलंच.

गेममधला राजा लॉर्ड ब्रिटिश याच्या किल्ल्यात हॉकविंड नावाचा द्रष्टा बसतो. निम्मे लोक त्याच्याकडे फिरकतच नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही. कोणत्या गुणात कुठवर आलात ते तोच सांगतो. त्याने जा म्हटलं की त्या गुणाचा रून (खूण कोरलेला दगड) घेऊन त्याच्या देवळात ध्यानाला बसा, तिथे त्या गुणाचा मंत्र टाइप करावा लागतो. मंत्र अंदाजाने ठोकू नका, चुकला की अध्यात्म घटतं. (अध्यात्माचा मंत्र 'ओम' आहे, तो तरी आपल्याला पाठ असतो.) एक गुण साधून अवतारपदाचा आठवा हिस्सा मिळाला तरी बिनधास्त होऊ नका. नंतर वाईट वागलात की तो परत जातो.

संवादात शब्द टाइप करावे लागतात आणि कुणी काय सांगितलं याची नोंद गेम ठेवत नाही, म्हणून शेजारी वही हवीच. गावात सेव्ह होत नाही, बाहेर नकाशावर या. जादूला लागणाऱ्या मँड्रेक आणि नाइटशेड या वनस्पती दुकानात शोधत बसू नका. गेममधल्या दोन्ही चंद्रांची अमावस्या असताना ठरावीक जागी जमीन धुंडाळली तरच सापडतात.

आणि माँडेन या दुष्ट जादूगाराची कवटी हाती लागली तर गंमत म्हणून वापरून बघू नका, आठही गुण घसरतात. ती थेट अॅबिस या शेवटच्या भुयाराच्या तोंडाशी न्यायची आणि तिथेच वापरायची. तिथे ती नष्ट होते आणि गुण वाढतात.