गेमसाठी काल्पनिक नकाशा काढताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या नकाशातली नदी डोंगरातून निघायची, मध्यावर फुटायची आणि दोन दिशांच्या दोन समुद्रांना मिळायची. दिसायला सुरेख होती. गेमची कथा लिहिणारा मित्र म्हणाला, "पाणी असं वाहत नाही रे." ते मला पटायला दोन दिवस लागले.

नागपूरकरांना हे समजायला लांब जायला नको. नाग नदी लाव्हाच्या टेकड्यांतून येते, पिवळी नदी तिला मिळते, मग ती कन्हानला, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. नद्या वाटेत एकमेकींना मिळत जातात. फाटे फुटतात ते बहुतेक समुद्राजवळ, त्रिभुज प्रदेशात. तलावातूनही पाणी साधारणपणे एकाच, सगळ्यात सखल बाजूने बाहेर पडतं. २३ सप्टेंबर २०२३ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाणी नाग नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं. तुमच्या कथेत पूर असेल, तर तो आधी कुठल्या गावात शिरणार हे नकाशा बघूनच खेळाडूला कळलं पाहिजे.

नदी फुटलीच असेल तर सगळं पुसू नका. एका फाट्याच्या टोकाला समुद्राऐवजी टेकडी काढा आणि संगमाजवळचं वळण प्रवाहाच्या दिशेने झुकवा. फाट्याची उपनदी होते.

वस्त्या पाण्यानंतर काढा आणि किल्ले उंचीवर. १८१७च्या इंग्रज-भोसले लढाईत नागपुरातल्या सीताबर्डीच्या दोन टेकड्या का महत्त्वाच्या ठरल्या, हे तिथे उभं राहिलं की कळतं. मोकळी जागा दिसली म्हणून किल्ला ठेवू नका.

गावांना 'क्झार्थून'सारखी उच्चारताही न येणारी नावं देण्याचा मोह मला अजिबात आवडत नाही. नागपुरातल्या इतवारी, बुधवारी, शुक्रवारी या भागांची नावं घेतली की तिथे कधी काळी कुठल्या वारी बाजार भरत असेल ते ऐकणाऱ्याला उमगतं. एका शब्दात गोष्ट आली! कथेवर चालणाऱ्या गेममध्ये ही संधी सोडू नये.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मराठी अक्षरांनी खाल्ला. जुन्या फोटोशॉपमध्ये 'किल्ला' लिहिलं की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर सुटतं. प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय असतो (काही आवृत्त्यांत 'वर्ल्ड-रेडी'). तो निवडून नवी फाइल उघडा. युनिटी या गेम इंजिनाच्या टेक्स्टमेश प्रो या अक्षरं दाखवणाऱ्या साधनात हाच त्रास पुन्हा होतो, गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात होत नाही. इंग्रजी नकाशांत डोंगररांगेवर अक्षरं लांब-लांब पसरलेली असतात, ते बघून आपणही तसंच करतो आणि शिरोरेखेचे तुकडे पडतात. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, आकार वाढवायचा. नाव नदीसोबत वळवायचं असेल तर आधी सरळ लिहा, आकारात रूपांतर करा आणि अख्खा शब्द एकत्र वाकवा. मला हाताने लिहिलेली नावं सगळ्यात शोभून दिसली.

नावं चित्रात मिसळू नका, वेगळ्या लेयरवर ठेवा. कथा पुढे सरकेल तसं एखादं गाव उजेडात येतं, एखादं जळून जातं. दर वेळी नकाशा नव्याने रंगवायचा का?

८१९२ बाय ८१९२ पिक्सेलचं चित्र कॉम्प्रेशनशिवाय मेमरीत २५६ एमबी जागा घेतं, ४०९६चं ६४. फोनवर गेम बंद पडत असेल तर आधी इथे बघा, चित्राचे तुकडे करा. अक्षरं वाचता येतात का, हे मोठ्या मॉनिटरवर तपासू नका. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्राचा पडदा १२८० बाय ८०० आहे, तिथे बघा.

आणि हे सगळं रंग लावायच्या आधी. पेन्सिलचा कच्चा नकाशा लेखकासमोर ठेवून त्याला म्हणा, नायकाला पहिल्या प्रसंगापासून शेवटच्यापर्यंत बोटाने चालव. माझ्या मित्राचं बोट तिसऱ्याच गावाशी थांबलं. नदीवर पूल काढायचा राहिला होता.