सोलापुरात डेटिंग ॲप वापरायचं तर असं वापरा

सोलापुरात राहून ॲपवर जोडीदार शोधायचा म्हणजे पुण्या-मुंबईसारखं नाही, इथे सात रस्त्याला कुणाशी दोन मिनिटं बोलत उभं राहिलं तरी संध्याकाळपर्यंत घरी कळतं. माझा नवरा मला ॲपवरच भेटला, आता मामेबहिणी सारखं विचारतात म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी अंतराचं सेटिंग बघा. टिंडरवर ते 160 किलोमीटरपर्यंतच वाढतं आणि पुणे आपल्यापासून त्याच्या बाहेर, म्हणजे तिकडे नोकरीला गेलेली आपलीच कितीतरी पोरं-पोरी एरवी दिसतच नाहीत. पण फोन जिथे असेल तिथलं लोकेशन ॲप धरतं, त्यामुळे शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने ही मंडळी घरी आली की शनिवार-रविवार नवीन चेहरे दिसतात, दिवाळीत दिसतात, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला तर खूपच. मधल्या वारी तेच तेच लोक बघून वैतागून ॲप डिलीट करू नका, थांबा.

घरच्यांना दिसू नये वाटत असेल तर टिंडरमध्ये काँटॅक्ट ब्लॉक करायची सोय आहे, दादा, वहिनी, ऑफिसमधले, सगळ्यांचे नंबर टाका. ते दुसऱ्या नंबरवरून ॲपवर असतील तर मात्र दिसणारच. फोटोत कॉलेजचं आयकार्ड, गाडीचा नंबर, घराचा दरवाजा नको. चेहरा स्पष्ट असू दे, गॉगल लावलेले पाच फोटो बघून कुणाला काय कळणार.

बम्बलवर आधी पहिला मेसेज मुलीनेच करायचा असा नियम होता, 2024 पासून मुलगी एक प्रश्न लावून ठेवू शकते आणि मुलगा त्याचं उत्तर देऊन बोलणं सुरू करू शकतो. प्रश्न जरा आपला ठेवा. मी विचारलं होतं, शेंगाचटणी दह्यासोबत की तेलासोबत, आणि त्यावरून आम्ही रात्री एकपर्यंत बोललो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भेटायच्या आधी व्हिडिओ कॉल कराच. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, दुसऱ्याच कुणाचा निघाला तर तिथेच बंद. आर्मीत आहे म्हणून भेटता येत नाही, परदेशातून गिफ्ट पाठवलंय ते कस्टममध्ये अडकलंय, माझ्या सांगण्याने ट्रेडिंगमध्ये पैसे टाक, यातलं एक जरी वाक्य आलं तर तो माणूस कितीही गोड बोलू दे, फ्रॉड समजा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त. माझ्या एका मैत्रिणीने घरी कळेल या भीतीने चार दिवस घालवले, मला अजून वाईट वाटतं.

पहिली भेट दुपारी चार-पाचला, वर्दळीच्या कॅफेत. सिद्धेश्वर तलावाकडे नको, तिथे कुणाची ना कुणाची मावशी दर्शनाला आलेली असतेच. गावाबाहेर तर अजिबात नको. आपल्या गाडीवर जा, एका मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, ते आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं.

आणि जात, धर्म, भाषा हे विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीतच काढा. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड सगळे एका गल्लीत वाढतात पण लग्नाचं म्हटलं की घरात वेगळंच सुरू होतं, दोन वर्षं फिरून मग आई नाही म्हणते असं ऐकवणं फार क्रूर आहे, समोरच्याला आधीच कळू दे तुम्ही घरी बोलणार आहात की नाही. आंतरधर्मीय लग्न धर्म न बदलता करायचं असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, पण त्यात 30 दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते आणि तीन साक्षीदार लागतात. म्हणून नोटीस द्यायच्या आधी घरी स्वतः सांगा, आम्ही तेच केलं, सासरे आठ दिवस बोलले नाहीत, नवव्या दिवशी त्यांनीच फोन करून माझ्या बाबांना जेवायला बोलावलं.