गावचा कचरा आराखडा करताना या चुका टाळा

जुलैत आमच्या वाडीतला खताचा खड्डा काठोकाठ भरला होता, तो पाण्याने. वर शहाळ्याची सोडणं तरंगत होती, कोळंबीच्या सालींचा वास शाळेपर्यंत जात होता, आतली गांडुळं केव्हाच मेली होती. खड्डा नमुना आराखड्यात होता तसाच, अगदी मापात खोदलेला. पावसाचा विचार त्या नमुन्यात नव्हता आणि आम्हीही केला नाही.

कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे खत जमिनीच्या वरच करावं. चिऱ्यांचं हातभर उंच जोतं, बाजूला हवा खेळेल अशी जाळी आणि वर पत्रा. तोही पागोळी आत पडणार नाही इतका पुढे काढलेला. खड्डा आधीच बुडाला असेल तर माल उपसून जोत्यावर घ्या आणि सुका पाचोळा मिसळा. मूठभर खत घट्ट दाबून बघा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक. पाणी गळायला लागलं तर पाचोळा कमी पडलाय. मासळीची डोकी, आतडी ढिगाच्या मधोमध पुरून वर वीतभर पाचोळा टाका, म्हणजे माश्या आणि कुत्री येत नाहीत.

याहून मोठी चूक जागा निवडताना होते. बंद पडलेली चिरेखाण म्हणजे आयता खड्डा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण चिरे ज्याचे निघतात तो जांभा सच्छिद्र दगड. कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी त्यातून सड्याखालच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराखालच्या, वाडीतल्या विहिरीत उतरतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा भरावाची जागा विहिरीपासून 200 आणि नदीपासून 100 मीटर लांब असावी असं सांगितलं. सड्याच्या उतारावर तेवढं पुरेल असं धरून चालू नका. पाणी कुठे जातं ते वाडीतल्या जाणत्या माणसांना विचारा. खाडीकाठी, कांदळवनात कचरा टाकायला तर किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी बंदीच आहे.

आता आकड्यांचं. लोकसंख्येला माणशी सरासरी कचऱ्याने गुणून दिवसाचा कचरा काढला, की मे महिना आणि गणपती हमखास चुकतात. चाकरमानी आले की बंद घरं उघडतात, मे महिन्यात पर्यटक असतात, आंब्याच्या पेट्या आणि गवत येतं, गणपतीत निर्माल्य येतं. म्हणून वर्षातून तीनदा, मे, गणपती आणि एखाद्या साध्या महिन्यात, सलग आठ दिवस कचरा काट्यावर घाला. ओला वेगळा, सुका वेगळा. रिसॉर्टचा कचरा स्वतंत्र मोजा. दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्याने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांत होतं.

घंटागाडी आधी घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकवस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद होती. म्हणजे 1800 वस्तीच्या गावाला एक लाख आठ हजार. त्यात गाडीच बसत नाही, मग चालकाचा पगार आणि डिझेल कुठून आणणार? वाड्याही विखुरलेल्या. ज्याच्या परसात माड आणि केळी आहेत त्याचा ओला कचरा परसातच राहू दे. सुका आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी उचलला तरी चालतो. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वेगळे. बॅटऱ्या, बल्ब, जुनी औषधंही वेगळी.

लोक वेगळा करून देतात आणि गाडीत सगळं एकत्र पडतं, हे एकदा बायकांनी पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून वर्गीकरण बंद होतं. सुका उचलायला जी गाडी लावाल तिच्यात कप्पे करा आणि सुका कचरा ठेवायला शेड बांधा. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला शहराने आपल्या डंपिंगच्या जागेचं रूप पालटलं ते वर्गीकरणाच्या जोरावर, आणि पाचोळ्याच्या जळणाच्या विटा करून तोही कामी लावला.

शेडचा विषय 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत ठेवला तर पत्रे चढायच्या आत पाऊस येतो. मंजुरी 26 जानेवारीच्या सभेतच घ्या आणि फेब्रुवारीपासून पाचोळा गोणींत भरून कोरड्या जागी रचायला लागा.